वसई-विरारमध्ये घर घेताय? जुन्या मालकाचं वीजबिल तुमच्या माथी येऊ शकतं

मुंबई उपनगरात विजेसाठी अदानी की टाटा, अशी निवड करता येते. वसई-विरारमध्ये मात्र घरगुती वीज महावितरणचीच. त्यामुळे इथे घर घेताना कंपनी निवडायची नसते, मीटरचा जुना हिशेब तपासायचा असतो.

थकबाकी कोण भरणार?
नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची थकबाकी जागेच्या नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी स्पष्ट केलं. महाराष्ट्राच्या वीज नियमांत ही तरतूद आहे.

आधी काय तपासाल?
बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपवर टाकून थकबाकी पाहा. मीटर रूममध्ये जाऊन मीटरवरचा क्रमांक बिलाशी जुळवा. घरातला मेन स्विच बंद केल्यावरही मीटरवरचा दिवा लुकलुकत असेल, तर मीटर दुसऱ्याच फ्लॅटचा असू शकतो किंवा वायरिंगमध्ये गडबड असू शकते.

नाव कसं बदलाल?
थकबाकी भरून, इंडेक्स-२ आणि ओळखपत्र जोडून ऑनलाइन अर्ज करता येतो. आधीच्या मालकाच्या अनामत रकमेचं काय करायचं, हे विक्री करारातच लिहून घ्या.

भाड्याने राहणार असाल तर?
बिल घरमालकाच्याच नावावर राहतं. चावी घेताना मीटर रीडिंगचा फोटो काढा आणि तो आकडा मालकाला लगेच पाठवा. घर सोडतानाही हेच करा. डिपॉझिट परत घेताना हाच पुरावा कामी येतो.