पेटी, पाट आणि पाठ

संगीताविषयी लिहायचे म्हटले की आपण राग, ताल आणि घराणी यांविषयी लिहितो. वाजवणाऱ्याच्या कंबरेविषयी सहसा कोणी लिहीत नाही. पण नृसिंहवाडीसारख्या गावात, जिथे दत्तमहाराजांच्या पालखीपुढे पदे म्हटली जातात आणि भजन-कीर्तनाला खंड नसतो, तिथे पेटीवाल्याची कंबर हा क्षुल्लक विषय नव्हे. मी वाडीचाच. भजनाला पेटीची साथ करायला मीही बसतो. "आता पाठ साथ देत नाही" असे म्हणून पेटी कायमची मिटणारे वयस्कर वादक मी पाहिले आहेत. त्यांच्या बोटांत काहीच उणे नव्हते. पदांच्या कितीतरी जुन्या चाली त्यांना मुखोद्गत होत्या आणि त्या ऐकून शिकण्याची आमची संधी मात्र गेली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. हार्मोनियम हे मूळ युरोपातले वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन याने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. ते खुर्चीवर बसून वाजवायचे आणि भाता पायांनी चालवायचा. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गनही असाच पायांनी चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याची पेटी प्रचारात आणली आणि हे वाद्य आपल्या बैठकीत, जमिनीवर आले. आपल्या कोल्हापूरच्या मातीतले गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. बैठकीच्या दृष्टीने सोय झाली खरी, पण पायांचे काम डाव्या हातावर आले आणि खुर्चीही गेली. पियानो वाजवणारा आपले स्टूल खालीवर करून घेतो. पेटीवाल्याला जमीन खालीवर करता येत नाही!

आता पाठ का दुखते ते पाहू. कंबरेच्या भागात पाच मणके असतात आणि तिथे पाठीला आतल्या बाजूस एक नैसर्गिक बाक असतो. मांडी घातली की, विशेषतः खुब्याचे सांधे आखडलेले असतील तर, माकडहाडाचा भाग मागे कलतो, तो बाक सपाट होतो आणि माणूस पोक काढतो. आपले आजोबा जमिनीवरच जेवत, जमिनीवरच लिहीत. त्यांचे खुबे मोकळे असत. आपण दिवसभर बाकावर बसतो आणि संध्याकाळी एकदम दोन तास मांडी घालतो. त्यात मांडीचे गुडघे पुढे येतात, पेटी त्यांच्यापलीकडे राहते आणि तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आपण पुढे वाकतो. वाकले की मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब वाढतो आणि चारपाच किलो वजनाचे डोके सावरताना मानेचे स्नायू थकतात.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. वाडीत गुरुचरित्राची पारायणे चालतात. वाचणारा तासन् तास बसतो, पण पोथी जमिनीवर ठेवीत नाही. ती चौरंगावर किंवा ठवणीवर असते. तो पोथीचा मान आहे, तशीच वाचणाऱ्याच्या मानेचीही सोय आहे. पोथी उंचावर ठेवणारे आपण पेटी मात्र सतरंजीवर ठेवतो.

करायचे ते असे. बसताना ढुंगणाखाली घट्ट उशी किंवा चारपाच घड्यांचे घोंगडे घ्यावे. उशी मांड्यांखाली नको, फक्त मागच्या भागाखाली हवी. त्यामुळे गुडघे खुब्यांपेक्षा खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते. आपण उंच झालो की पेटीही उंच करावी. त्यासाठी जेवायचा पाट पुरतो. पेटी गुडघ्यांना टेकेल इतकी जवळ ओढावी. दंड अंगालगत सैल सोडला असता कोपर जिथे येते, त्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली पट्ट्या असाव्यात. खांदे वर उचलावे लागले तर पेटी फार उंच झाली असे समजावे.

डाव्या हाताचा विचार वेगळा करायला हवा. भाता पेटीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे डावा खांदा पुढे जातो आणि कंबर पिळली जाते. पेटी किंचित तिरकी ठेवून तिचे डावे टोक आपल्याकडे घेतले की हा पीळ कमी होतो. भाता मनगटाने आणि बोटांनी हलका मारावा, खांद्याने ओढू नये. पेटीतून हवा गळत असेल तर भाता दुप्पट मारावा लागतो. अशा वेळी पाठीला तेल चोळण्याआधी भाता दुरुस्त करून घ्यावा.

अलीकडे पदांचे शब्द मोबाईलवर असतात आणि तो मोबाईल पेटीच्या झाकणावर असतो. त्यामुळे मान सारखी खाली जाते. त्याऐवजी वही किंवा मोबाईल समोर ठवणीवर, नजरेच्या जवळपास उंचीला ठेवावा. प्रभातफेरीत पेटी गळ्यात अडकवायची असेल तर पट्टा रुंद घ्यावा आणि पेटी पोटाशी घट्ट धरावी. ती जितकी दूर, तितका कंबरेवर भार जास्त.

इतके करूनही एक गोष्ट उरते. कितीही उत्तम बैठक असली तरी ती तासभर तशीच धरून ठेवणे हितकारक नाही. दोन पदांच्या मध्ये मांडीचा पाय बदलावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, कंबरेवर हात ठेवून मागे झुकावे, घाटाच्या चार पायऱ्या चढून-उतरून यावे. आणि ज्यांना मांडी घालणे जमतच नाही त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावे, पेटी टेबलावर ठेवावी. देवापुढे खुर्चीवर बसणे बरे दिसत नाही, हा संकोच मी अनेकांत पाहतो. माझ्या मते गुडघे किंवा पाठ दुखते म्हणून सेवा बंद पडण्यापेक्षा ती खुर्चीवरून चालू राहिलेली बरी. मूळ हार्मोनियम तर खुर्चीवरचीच होती.

शेवटी एक सूचना. साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते आणि तेवढ्यात सोसेल इतकी हालचाल चालू ठेवणे अंथरुणाला खिळण्यापेक्षा चांगले. परंतु कळ पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. लघवीवर ताबा राहीनासा झाला तर एक दिवसही थांबू नये.

आपल्या महाविद्यालयातही स्नेहसंमेलनाच्या तालमींना पेटीवाले विद्यार्थी तासन् तास बसतात. संगीताच्या खोलीत तबले, तंबोरे आहेतच. त्यांच्याजवळ दोन पाट आणि दोन घट्ट उश्या ठेवल्या, तर फारसा खर्च न होता पुष्कळ काम होईल असे वाटते.