बाबांच्या लाँचची पुढची काच

गेल्या श्रावणात आमच्या घरात एका बोटीवरून बरंच रामायण झालं. बोट कुठली घरात, असं कुणीही विचारील. आम्ही राहतो केलगेरीत. धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की जे तळं दिसतं, त्याच्या अलीकडे. बोट पाऊण मीटर लांब, लाकडी, मी रविवारी-रविवारी बसून केलेली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचची ती प्रतिकृती, मूळच्या विसाव्या हिश्श्याची. बाबांनी त्या फेरीवर तीस वर्षं सुकाणू धरलं आणि आई गेल्यावर ते इकडे आमच्याकडे आले. त्यांच्या पंच्याहत्तरीला बोट तळ्यात सोडायची, असं मी आणि माझ्या मुलीनं गुपचूप ठरवलं होतं.

सगळं जमलं, अडलं ते केबिनच्या पुढच्या काचेपाशी.

आधी जाडीचा घोळ. दुकानातून एक मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट आणली. विसावा हिस्सा म्हटल्यावर ती खऱ्या बोटीवर दोन सेंटिमीटर जाड काच झाली! कडेनं बघितली की बोट खेळण्यातली वाटायची. शेवटी शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कामी आलं. ते साधारण पाव मिलिमीटरचं, म्हणजे पाच मिलिमीटरची काच. बाटलीचं प्लास्टिकही चालतं, पण ते सरळ करायला गरम पाण्यात बुडवू नका, आक्रसून वेडंवाकडं होतं.

मग आकार. लाँचच्या तीन काचा सपाट असतात, त्यामुळे जाड कागदाचा साचा कापून खिडकीत बसवून बघितला की झालं. ज्यांना स्पीडबोटीची गोलाईची, मागे झुकलेली काच करायची असेल त्यांनी मात्र सरळ पट्टी कापू नये. शेंगदाण्याची पुडी तोंडाशी सरळ कापून मग उलगडून बघा, कागदाची कापलेली कड कमानीसारखी दिसते. काचही तशीच कमानीत कापावी लागते, नाहीतर वरून फाकते आणि खालून आत जाते. आधी कागदावर चार वेळा चुका, प्लास्टिकवर एकदाही नको.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी घाईत मी काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवल्या आणि वर केबिनचं छप्पर ठोकून बंद केलं. बाहेर आपला धारवाडी पाऊस, झिमझिम. सकाळी पाहतो तर तिन्ही काचा आतून दुधासारख्या पांढऱ्या! आणि मधल्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघ न रेघ उमटलेला.

कारण नंतर कळलं. या गोंदाची वाफ हवेतल्या ओलीशी मिळते आणि पांढरा थर होऊन बसते. बोटांच्या ठशांवर तर ती हमखास धरते, पोलीस याच वाफेनं गुन्ह्याच्या जागचे ठसे उठवतात. गंमत अशी की, 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला. फार चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. गोंद म्हणून तो बाजारात आला 1958 मध्ये. स्वच्छ काचेच्या शोधात निघालेली वस्तू, आणि तिनं माझी काच घालवली!

मी बोट झाकायला गेलो तेवढ्यात बाबा चहाला बाहेर आले. गुपित फुटलंच. त्यांनी बोट हातात घेतली, नाकाशी नेली.

"काच पांढरी कशानं रे? खारं बसलंय?"

मी गोंदाचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. "आमची अशीच व्हायची. वारा सुटला की पाण्याचे शिंतोडे काचेवर वाळायचे, मिठाची साय धरायची. मग बाजूच्या खिडकीतून डोकं काढून हाकायची. निम्मी नोकरी मी भिजत केली."

घरात कोरडे कपडे घालून जेवायला बसणारे बाबा मी पाहिले होते. हे मला कधी माहीतच नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

"आणि बोटीला काच चिकटवत नाहीत," ते म्हणाले. "बसवतात. भोवती रबर असतं. लाटेवर बोट पिळवटते, घट्ट काच तडकेल."

वाढदिवस आठवडाभर पुढे ढकलला. छप्पर चाकूनं उचकटलं, आता ते मुद्दाम काढता-घालता येईल असं केलंय. नव्या काचा साबणाच्या पाण्यानं धुऊन, कडेनंच धरून वापरल्या. बारीक वायरीतली तार ओढून काढली, वरचं वेष्टण उभं चिरलं आणि ते काचेच्या कडेला चढवलं. झालं रबर! तशी काच खिडकीत दाबून बसवली आणि चार कोपऱ्यांत दोन ट्यूबांच्या मिश्रणाच्या गोंदाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका दिला. तो वाळायला पुरा दिवस दिला. सुताराचा पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो खरा, पण पाणी लागलं की बहुधा पुन्हा पांढरा पडतो. घरातल्या शोभेच्या बोटीला ठीक, तळ्यातल्या बोटीला नाही. चौकटीचा रंग मात्र काच बसवण्याआधीच द्या. मी नंतर दिला आणि एक काच पुन्हा कापली.

पुढच्या रविवारी उघडीप होती. तळ्याच्या काठावर बाबा उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सारला आणि केबिनच्या मागच्या दारातून, पुढच्या काचेतून, पलीकडच्या काठाकडे बराच वेळ बघत राहिले. मुलगी दोरी धरून ताटकळली.

"आजोबा, सोडू का?"

"थांब गं," ते म्हणाले. "वायपर कुठाय?"