लॅपटॉपचें बिनतारी जाळें मंद कां पडतें ?

हल्लीं पुण्यामुंबईच्या इमारतींत एक तक्रार घरोघर ऐकूं येते. नातू परीक्षेचा अर्ज भरावयास लॅपटॉप उघडून बसतो, अर्ज निम्मा भरून होतो, आणि पडद्यावरचें चाक गरगर फिरूं लागतें. मुदत तर रात्रीं बाराला संपावयाची असते ! 'नेट मंद आहे' असा निकाल घरांतील वडील माणूस देतो, आणि दुसऱ्या दिवशीं कंपनीस कळवून अधिक वेगाची, अर्थात् अधिक पैशांची, योजना घेतली जाते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं असें दोनदां केलें. बिल वाढलें, शयनगृहांतला लॅपटॉप मात्र होता तसाच अडखळत राहिला. रोगाचें निदान न करतां औषधाची मात्रा वाढविण्याचा हा प्रकार होय.

ज्यास आपण 'नेट' या एका नांवानें संबोधितों, त्या मार्गाचे वस्तुतः दोन तुकडे आहेत. बाहेरून तारेनें घरांतील राउटरपर्यंत येतो तो पहिला, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेंतून जातो तो दुसरा. अधिक वेगाचे पैसे आपण देतों ते पहिल्या तुकड्याबद्दल. दुसरा तुकडा आपल्या भिंती, आपलीं कपाटें आणि आपले शेजारी यांच्या स्वाधीन असतो. दोष कोणत्या तुकड्यांत आहे हें ठरविल्यावांचून एक पैहि खर्चूं नये.

ठरविण्याची रीत शाळेंतील प्रयोगासारखीच आहे : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. लॅपटॉप नेहमींच्या जागीं ठेवून वेग मोजा व कागदावर टिपून ठेवा. नंतर तोच राउटरपासून चार हातांवर, मध्यें भिंत न येईल असा ठेवून पुन्हां मोजा. मग तारेनें जोडून तिसऱ्यांदा मोजा. तारेनेंहि वेग कमीच भरला तर दोष बहुधा बाहेरचा किंवा खुद्द राउटरचा. तारेनें उत्तम, जवळ उत्तम, आणि शयनगृहांत मात्र वाईट असें दिसल्यास दोष हवेंतला. शयनगृहांत त्याच जागीं मोबाइल सुरळीत चालतो पण लॅपटॉप रखडतो, तर दोष लॅपटॉपचा. मोजतांना एवढें ध्यानांत असूं द्यावें कीं योजनेचा वेग मेगाबिटांत सांगतात, आणि फाइल उतरतांना आंकडा पुष्कळदां मेगाबाइटांत दिसतो. ८ बिटांचा १ बाइट. तेव्हां १०० च्या योजनेवर साडेबारा दिसले तर कोणीं फसविलें असें समजूं नये.

आतां हवेंतला दोष पाहूं. घोटाळा बहुधा येथेंच सांपडतो. राउटर सामान्यतः दोन पट्ट्यांत बोलतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, पण तेथें गर्दी फार. दुसऱ्यांत वेग अधिक, परंतु सळयांची सिमेंटची भिंत, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आडवा आला कीं त्या लहरी लवकर क्षीण होतात. गर्दीचें कारण असें कीं २.४ च्या पट्ट्यांत परस्परांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन : १, ६ आणि ११. इमारतींत वीस बिऱ्हाडें आणि वीस राउटर ! एकाच मार्गावरचीं यंत्रें, दुसरें बोलत असतां, आपली पाळी येईपर्यंत थांबून राहतात. शेजारच्या वर्गांत पाढे म्हणणें चालू असलें म्हणजे मास्तरांचा आवाज कितीहि मोठा असो, शेवटच्या बांकावर शब्द कळत नाहीं, तसेंच हें. म्हणूनच पडद्याच्या कोपऱ्यांतील सगळ्या कमानी भरलेल्या दिसल्या तरी काम अडतें. त्या कमानी आवाजाचा जोर सांगतात, गलबला सांगत नाहींत. अन्न तापविण्याची मायक्रोवेव्ह भट्टीहि याच पट्ट्यांत, सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवर, चालते. रोज जेवणाच्याच वेळीं जाळें अडखळत असेल तर आधीं स्वयंपाकघरांत डोकावावें.

येथें उपाय स्वस्त आहे. राउटर दाराशीं, दूरदर्शनच्या मागें कोंबलेला असतो. तो घराच्या मध्यभागीं, उंचावर, मोकळा ठेवावा. जवळच्या खोल्यांत ५ चा पट्टा घ्यावा. दूरच्या खोलीसाठीं दुकानदार संदेश पुढें ढकलणारें रिपीटर नांवाचें यंत्र सुचवितो. त्यांतील स्वस्त प्रकार ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग सुमारें निम्मा होतो. त्यापेक्षां तार ओढून तेथें दुसरें केंद्र बसविणें मला अधिक पसंत आहे, मग भिंतीवरून तार दिसली तरी चालेल.

लॅपटॉपच दोषी ठरला तर प्रथम तो बॅटरीवर चालवून व विजेवर चालवून पहावा. बॅटरीवर वीज वांचविण्याकरितां कांहीं यंत्रें बिनतारी भागाची शक्ति कमी करतात. यूएसबी ३ ची डिस्क लावलेली असल्यास काढावी, कारण तिचा विद्युत्-गोंगाट २.४ च्या पट्ट्यांत शिरतो. छायाचित्रें पाठीमागें गुपचूप चढत नाहींत ना, हेंहि पहावें. बिनतारी भागाचा ड्रायव्हर अद्ययावत् करावा. जुन्या लॅपटॉपला ५ चा पट्टा ऐकूंच येत नसेल तर नवीन लॅपटॉप घेण्याची घाई नको. बाहेरून लावण्याचा छोटा वायफाय जोड पुरतो.

आणि तारेनेंहि वेग कमी भरला, तर मात्र कंपनीकडे जावें. पण 'नेट मंद आहे' एवढेंच सांगून नव्हे. तारेनें जोडून सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं नऊच्या सुमारास घेतलेलीं मापें, तारीख-वेळेसह, तीन-चार दिवसांचीं लिहून न्यावीं.