दावा चालू असताना जमीन घेतली, आता पुढे काय?

वडिलोपार्जित शेताच्या वाटपाचा दावा बहिणीने लावलेला असतो. तो चालू असतानाच थोरला भाऊ त्यातला एक एकर बाहेरच्या माणसाला विकतो. खरेदीखत नोंदवले जाते, मुद्रांक शुल्क भरले जाते, सात-बाराला नावही लागते. दाव्याची कुणकुण खरेदीदाराला लागते ती बरीच उशिरा. मग त्याचा पहिला प्रश्न असतो, माझे खरेदीखत रद्द झाले का?

झालेले नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५२ असा व्यवहार रद्द करत नाही, तो दाव्याच्या निकालाला बांधून ठेवते. भाऊ हरला तर त्याच्यामागे खरेदीदारही हरतो. ‘दाव्याचे मला ठाऊक नव्हते’ हे सांगून एरवी सुटका होत नाही. आपल्याकडे मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीनुसार, ती लागू असलेल्या भागात, वादीने प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच कलम ५२ चे संरक्षण मिळते. ही तरतूद इतकी चांगली आहे की २०१० मध्ये टी. जी. अशोककुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर आणण्याचा विचार व्हावा असे सुचवले. तरीही कितीतरी वादी दावा दाखल करतात आणि नोटीस नोंदवायचे राहून जाते.

खरेदीदाराने दाव्यात सामील व्हावे का? माझे उत्तर ठाम ‘होय’ आहे, आणि तेही लगेच. मिळकत विकून पैसे घेतलेल्या प्रतिवादीला पुढे लढण्यात रस उरत नाही. तो तारखांना जात नाही, कैफियत अर्धवट सोडतो, कधी वादीशी परस्पर तडजोडही करून टाकतो. नुकसान होते ते कोर्टात हजरच नसलेल्या खरेदीदाराचे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २२ नियम १० आणि आदेश १ नियम १० यांखाली अर्ज करता येतो. तो मंजूर करणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे, तो हक्क नव्हे. पण अमितकुमार शॉ प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच कारण दिले: विकणारा दाव्याकडे दुर्लक्ष करील किंवा वादीशी संगनमत करील, म्हणून अशा खरेदीदाराला सहसा सामील करून घ्यावे.

आत आल्यावर मात्र नवा डाव मांडता येत नाही. थॉमसन प्रेस प्रकरणात (२०१३) दिल्लीतील मिळकत न विकण्याची हमी कोर्टात दिलेली असतानाही ती विकली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराला प्रतिवादी म्हणून घेतले, पण मूळ प्रतिवादींनी घेतलेलाच बचाव पुढे चालवायचा, दुसरा नाही, या अटीवर. वाटपाच्या दाव्यात तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. घेतलेला तुकडा शक्यतो विकणाऱ्या भावाच्याच हिश्श्यात टाकावा, अशी विनंती खरेदीदाराला करता येते, आणि इतरांच्या वाट्याला धक्का लागत नसेल तर न्यायालये ती ऐकतात.

अशा अर्जाला वादीचे वकील सवयीने हरकत घेतात. ती बहुतेक वेळा अनाठायी असते. ताबा ज्याच्याकडे आहे तो माणूस समोर असला, तर निकालानंतर त्याच्याशी नवे भांडण उरत नाही.

घेण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात. विकणाऱ्याचे नाव टाका, त्याच्या भावाबहिणींचीही टाका. आणि घेऊन झाल्यावर दाव्याचे कळले, तर त्याच आठवड्यात वकील गाठा. दरखास्तीपर्यंत थांबलात आणि बेलिफ ताबा घ्यायला आला, तर आदेश २१ नियम १०२ मुळे दावा चालू असताना घेणाऱ्याची हरकत तिथे चालत नाही.