काळेच हवे, हा हट्ट कशाला?

लग्नाच्या बाजारात मुलीचा रंग पाहून नाक मुरडणारी माणसे आपल्याला नवीन नाहीत. लाकडाच्या बाजारातही तोच प्रकार चालतो. फरक एवढाच, की तिथे पसंती फक्त काळ्याभोर रंगाला!

हे लाकूड म्हणजे आबनूस. विदर्भातल्या जंगलांतून विडीसाठी ज्याची पाने गोळा होतात, त्या तेंदूचेच हे भाऊबंद. टणक, गुळगुळीत, तारांच्या घर्षणाला दाद न देणारे. म्हणूनच गिटारीच्या दांडीवर, जिथे बोटे फिरतात, तिथे आबनुसाची पट्टी बसवण्याची प्रथा पडली. या हौसेची किंमत मात्र जंगलांनी मोजली. मादागास्करमधून बेकायदा तोडलेले आबनूस घेतल्याच्या प्रकरणात ‘गिब्सन’ या नामांकित अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

मग पर्याय काय? कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून केलेल्या ‘रिचलाइट’च्या काळ्या पट्ट्या काही गिटारींवर आल्या आहेत. पण खरा पर्याय जंगलातच पडलेला होता.

‘टेलर’ गिटारींचे बॉब टेलर २०११ मध्ये कॅमेरूनमधील आबनुसाच्या एका कारखान्याचे भागीदार झाले. तिथे त्यांना कळले ते चक्रावून टाकणारे होते. झाड आतून किती काळे आहे, हे पाडल्याशिवाय समजत नाही. दहा झाडे पाडावीत, तेव्हा एखादे एकरंगी काळे निघे. बाकीच्यांत तपकिरी, करडे पट्टे. त्यांना भाव नाही, म्हणून ती तिथेच कुजत पडत!

वास्तविक पट्टेरी लाकूडही तितकेच टणक आणि गिटारीला तितकेच योग्य. टेलर यांनी दोन्हींना सारखाच मोबदला द्यायचे ठरवले आणि आपल्या उंची गिटारींवरही पट्टेरी आबनूस बसवले. २०१६ पासून तिथले गावकरी शास्त्रज्ञांच्या मदतीने, फळझाडांच्या जोडीने आबनुसाची रोपे लावत आहेत. पण हे झाड फार सावकाश वाढते. आज लावलेल्या रोपाचे फळ पुढच्या पिढ्यांनाच मिळणार.

तोवर पाडलेल्या झाडाचे लाकूड तरी वाया जाऊ नये. घरातल्या मुलांसाठी गिटार घेताना दुकानदाराने पट्टेरी दांडी दाखवली, तर तिला डागाळलेली म्हणू नका. जंगलातली उरलेली नऊ झाडे उभी राहण्याची आशा त्या पट्ट्यांतच आहे.