वाफेच्या इंजिनाचं जुनं मॉडेल हाती आलंय? पेटवण्याआधी हे वाचा

चारठाणा (जि. परभणी) : सेलू-परभणीमार्गे जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाइन पूर्वी मीटरगेज होती, तिच्यावर वाफेची इंजिनं धावत. अशा इंजिनांची हाताने घडवलेली मॉडेल्स शौकीन जमवतात, दुरुस्त करतात. पण खरी वाफ करणारं जुनं मॉडेल लगेच पेटवू नका.

धोका कशात? बॉयलरच्या डाग दिलेल्या जुन्या सांध्यांत.

तपासणी कशी? बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून हवा काढतात. मग हातपंपाने नेहमीच्या दीड ते दुप्पट दाब देतात. दाब उतरला, तर गळती आहे.

पाणीच का? ते जवळपास दाबलं जात नाही. सांधा सुटला तरी फक्त धार उडते. वाफेचा मात्र स्फोट होतो.

मॉडेल्स बघायचीत? पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या मात्र विजेवर चालतात.