शेवटच्या धावपटूचे घड्याळ

मॅरेथॉनची शर्यत एकच असते. पण ती सर्वांसाठी एकाच क्षणी सुरू होत नाही. पिस्तुलाचा बार झाला की पहिल्या रांगेतले धावपटू वाऱ्यासारखे सुटतात. मागची हजारोंची गर्दी मात्र देवदर्शनाच्या रांगेसारखी मुंगीच्या पावलांनी सरकते. आरंभरेषा गाठेपर्यंतच कधी कधी दहा-पंधरा मिनिटे जातात. मी नेहमी याच गर्दीतला. वेळ बारापासून मोजायची म्हटली, तर ही मिनिटे न धावताच आमच्या नावावर चढतात.

पूर्वी याला इलाज नव्हता. अंतिम रेषेपलीकडे दोऱ्या बांधून अरुंद वाटा केलेल्या असत. धावपटूंनी आले त्या क्रमाने त्यातून जायचे, स्वयंसेवकांनी छातीवरच्या क्रमांकाचा तुकडा फाडून ओवून ठेवायचा आणि घड्याळातल्या वेळांशी त्याचा मेळ घालायचा. मधे एक तुकडा निसटला, तर मागच्या सर्वांचा हिशेब चुकलाच म्हणून समजा.

वाटेत कोण कुठे होते, हे कळणे तर त्याहून कठीण. 1980 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ ही महिलांत पहिली आली. शेवटी उघड झाले ते असे की, बाई अंतिम रेषेच्या जवळपास कुठेतरी शर्यतीत घुसल्या होत्या! खरी विजेती होती कॅनडाची जॅकलिन गारो. तिला न्याय मिळाला, पण आठवडाभराने. पहिली म्हणून रेषा ओलांडण्याचा आनंद तिला कोण परत देणार?

या दोन्ही दुखण्यांवर औषध निघाले ते रेडिओलहरींनी ओळख पटवण्याच्या तंत्रातून, म्हणजेच ‘आरएफआयडी’तून. टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तो याच तंत्राने. 1990च्या दशकात नेदरलँड्समध्ये धावपटूंसाठी ‘चॅम्पियनचिप’ तयार झाली. एका छोट्या चकतीत बसवलेली ही चिप बुटाच्या नाडीत ओवायची. 1996 साली बोस्टनच्या शंभराव्या मॅरेथॉनमध्ये सुमारे 38 हजार धावपटूंची नोंद झाली होती. त्यांच्या वेळा चिपनेच टिपल्या.

गंमत अशी की, या चिपमध्ये ना घड्याळ असते, ना बॅटरी. रस्त्यावर अंथरलेल्या चटईत अँटेना असतो. त्याच्या लहरींतून मिळालेल्या ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. वेळेची नोंद बाजूचे यंत्र करते. एक चटई आरंभाला, एक शेवटी आणि काही वाटेत. पहिली आणि शेवटची नोंद यांतले अंतर, ती तुमची स्वतःची वेळ. मधली एखादी नोंद नसेल, तर संयोजकांना संशय येतो. आता चिप बहुधा छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागेच चिकटवलेली असते. परत करण्याची कटकट उरलेली नाही.

अर्थात चिपलाही मर्यादा आहेत. शंभर मीटरच्या शर्यतीत निकाल धडावरून लागतो, बुटावरून नव्हे. तिथे फोटो फिनिशचा कॅमेराच हवा. मॅरेथॉनचा विजेताही रेषा आधी ओलांडणाराच, कारण पुढच्यांची लढत समोरासमोरची असते. शिवाय चिप क्रमांक ओळखते, माणूस नाही. एकाचा क्रमांक लावून दुसराच धावला, तर ती बिचारी काय करणार? प्रामाणिकपणा अजून माणसाकडेच आहे.

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका दरवर्षी दहा किलोमीटर धावतात. हजारोंत त्यांचा क्रमांक कितवा, हे त्या पाहतही नाहीत. गेल्या खेपेपेक्षा 40 सेकंद कमी लागले, म्हणून त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. ते 40 सेकंद बाराच्या वेळेत हरवून गेले असते.

तेव्हा तुमच्या घरातले कुणी एखादी मोठी शर्यत धावून घामाघूम होऊन परतले, तर ‘कितवा आलास?’ असे विचारू नका. चिपची वेळ विचारा. आणि मागच्या वेळेपेक्षा ती किती कमी झाली, तेही विचारा.